मंगल गावाला गेली नाही

६ नोव्हेंबर, गुरुवार

मंगल गेली. सोमवारी. मला आज कळलं, तेही नळावर.

वाघोलीची नेहमीची फेरी. संस्थेची तपासणीची गाडी बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी लावली. बायका एकेक करून आल्या. वजन, बी.पी., गोळ्या. मंगल दिसली नाही. तिचे दिवस भरले होते, म्हटलं झाली असेल मोकळी. मुकादमाला विचारलं. "ती गावाला गेली," म्हणाला, आणि लगेच मोबाइल कानाला लावला. भरल्या दिवसांची बाई वाशीमपर्यंत एसटीने? पटेना.

तिची जाऊ कल्पना दिवाळीनंतर इथे कामाला आली आहे. तिलाही आठवा संपत आलाय. बादली भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "गावाला नाही गेली ताई. मेली."

जवळच्याच एका लहान खासगी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा. मग रक्त थांबेना. तिथले म्हणाले आमच्याकडे रक्त नाही, मोठ्या ठिकाणी न्या. मोठ्या ठिकाणचे म्हणाले खाट नाही, सरकारीत न्या. रुग्णवाहिका कोणीच दिली नाही. साइटच्या टेम्पोत घातली. खराडीच्या अलीकडे, वाघोलीच्या रहदारीतच, गजाननच्या मांडीवर गेली. गजानन म्हणजे तिचा नवरा, फरश्या बसवतो.

त्याच दिवशी मुकादमाने गाडी करून मंगलचा देह, बाळ, गजानन आणि सासू, सगळ्यांना गावी पाठवून दिलं. मागे राहिलेल्यांना ताकीद : कोणी विचारलं तर गावाला गेली म्हणायचं.

माझी सगळी नोकरी नर्स म्हणून बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. रक्तस्रावाने बाई एकदम जात नाही. वेळ असतो. तो वेळ कोणीतरी खातं.

जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, काय झालं. सांगितलं. ह्यांनीच ताट उचलून आत नेलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळपासून फोन.

इथल्या आरोग्य कार्यालयात : "मयताचा मूळ पत्ता कुठला?" वाशीम जिल्हा. "मग केस तिकडची."

तिकडे : "मृत्यू कुठे झाला?" पुण्यात. "मग केस तुमची."

परत इकडे. "मॅडम, नगर रस्त्यावर म्हणजे नक्की कुणाच्या हद्दीत?"

म्हटलं, टेम्पो थांबवून विचारायचं राहिलं खरं.

बाई मेली यावर सगळ्यांचं एकमत. कुठे मेली ते ठरत नाही, म्हणून नोंद नाही.

ह्यांचं म्हणणं, नोंद होऊन काय होणार, ती परत येणार आहे? नाही येणार. पण बाळंतपणात बाई गेली की ती का गेली याची चौकशी समितीपुढे व्हायलाच हवी, तसा नियम आहे. नोंदच नसेल तर चौकशी कशाची करणार? मग पुढची बाई त्याच दवाखान्यात, त्याच टेम्पोत.

ह्यांनी पेपर घडी घालून ठेवला. मग, "कल्पना म्हणालीस ना, तिला कितवा?"

समजलं त्यांना.

९ नोव्हेंबर, रविवार

शनिवार पेठेत अध्यक्षांच्या, म्हणजे लिमयेसाहेबांच्या घरी बैठक. बशीत चिवडा, वर खोबऱ्याचे काप. संस्थेचे सगळे पदाधिकारी आणि मी.

आपली गाडी वाघोलीच्या त्याच साइटच्या बिल्डरने दिलेली आहे. गाडीच्या पाठीवर त्याचं नाव आपल्या नावापेक्षा मोठं. त्याच्या ऑफिसातून साहेबांना फोन येऊन गेला होता.

"सुलभाताई, तुमच्या भावना समजतात."

"भावना नाहीत साहेब. रक्तस्राव आहे."

"आपलं काम तपासणीचं. चौकशी हे आपलं क्षेत्र नव्हे. उद्या त्यांनी आत येऊ दिलं नाही तर बाकीच्या बायकांचं काय?"

हा मुद्दा खोटा नाही. मीही रात्रभर तोच घोळवला होता. पण म्हणून मंगलचं मरण गिळायचं, मग कल्पनाचं गिळायचं, आणि वजनं करत राहायचं? मेलेल्यांबद्दल गप्प राहण्याच्या अटीवर जिवंतांना तपासायचं, हे मला जमायचं नाही. तसंच बोलले. कोणीतरी घसा खाकरला. चिवडा फिरला.

शेवटी ठरलं की गाडी "सर्व्हिसिंगला" जाणार. किती दिवस, ते ठरलं नाही.

"मग मी बसने जाईन," म्हटलं. "वजनकाटा माझ्या घरीच असतो."

लिमयेसाहेब हसले. त्यांना वाटलं, टोमणा आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गेले बसने. काटा मांडीवर, बी.पी.चं यंत्र पिशवीत. कंडक्टर म्हणाला, "आजी, याचं पण तिकीट घेऊ का?" म्हटलं, घ्या, पण मग त्याला बसायला जागा द्या. शेजारची मुलगी हसली आणि काटा स्वतःच्या मांडीवर घेतला.

साइटचं फाटक बंद. पहारेकऱ्याला आदेश. बिचारा चार वेळा सॉरी म्हणाला. मृणाल स्कूटरवरून पोचली. तिचा दवाखाना खराडीत, गुरुवारी दुपारी बंद ठेवून येते. माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टर, पण माझ्याहून तापट. "मावशी, आता?"

फाटकाला लागूनच बिल्डरचं विक्री कार्यालय आहे. काचेचं. समोर हिरवळ, कारंजं, सॅम्पल फ्लॅट बघायला येणाऱ्यांच्या गाड्या. त्याच्या पुढ्यात फुटपाथ. फुटपाथ काही बिल्डरचा नाही.

चहाच्या टपरीवरून दोन स्टुलं आणली, झाडाखाली काटा मांडला. पहारेकऱ्याला म्हटलं, तुला फक्त मला आत सोडायचं नाही ना? बायकांना बाहेर सोडायचं नाही असं कुणी सांगितलंय का? त्याने विचार केला. नव्हतं सांगितलं. जेवणाच्या सुटीत बायका आल्या. डोक्याला फडकी, हातांवर सिमेंट.

टायवाला मुलगा धावत आला. "मॅडम, इथे क्लायंट येतात."

"येऊ द्या. त्यांचंही बी.पी. बघू. भाव ऐकून वाढतच असेल."

"मॅडम, प्लीज. इमेजचा प्रश्न आहे."

मृणाल म्हणाली, "आमचाही प्रतिमेचाच आहे. ही बाई चक्कर येऊन तुमच्या कारंज्यात पडली तर कशी दिसेल ती प्रतिमा?"

गेला. आतून काचेतून बघत राहिला.

कल्पना. पापणी खाली ओढून बघितली, आत लाली नावाला नाही. चुन्यासारखी. पायांवर सूज. विचारलं, धाप लागते? "पाट्या उचलल्या का लागते नं ताई. सगळ्यायलेच लागते." रक्त घेतलं तपासायला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिमयेसाहेबांचा फोन. कुणीतरी फुटपाथचा फोटो पाठवला त्यांना. "संस्थेच्या नावाने हे करू नका."

नाव घेतलंच नव्हतं. आमच्याकडे फलकही नव्हता, तो गाडीत राहिला.

"मग राजीनामा द्या."

"देणार नाही. काढून टाका."

ह्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "काढलं?" म्हटलं, अजून नाही, ठराव करावा लागेल. "मग वेळ आहे," म्हणाले.

कल्पनाचा रिपोर्ट. एचबी सहाच्या आत. या अंगाने बाळंत झाली आणि थोडंही जास्त रक्त गेलं तर...

नको लिहायला.

१६ नोव्हेंबर, रविवार

फाटकाबाहेर, टपरीवर, कल्पना आणि तिचा नवरा संतोष. हा गजाननचा धाकटा भाऊ. त्यांना समजावलं : सरकारी रुग्णालयात दाखल करू, शिरेतून लोह देतील, जरूर पडली तर रक्त चढवतील. बाळंतपणही तिथेच, जिथे रक्तपेढी आहे तिथे. त्या लहान दवाखान्यात अजिबात नाही.

संतोष चहाच्या कपाकडे बघत बसला. "मुकादम म्हणते, त्या बाईसंगं दिसले तं खोली खाली करा. वहिनी मेली तरी आमी बोललो नाही ताई. बोललो असतो तं तवाच हाकललं असतं. आता हिच्या अशा टायमाले कुठं जाऊ?"

छप्पर जाईल म्हणतोय, खोटं नाही बोलत. मी कसब्यात दोन खोल्यांत का होईना, स्वतःच्या घरी झोपते.

मग कल्पनाच बोलली. आवाज चढवला नाही. "खोली गेली तं दुसरी भेटन. मंगलबाई म्हणे, रक्त जाऊन राह्यलं, मले थंडी वाजून राह्यली. मी चादर टाकत होती. चादरच टाकत बसली मी. मले नाही मराचं तसं." मग संतोषकडे वळून : "तू ये नाहीतं नको येऊ. मी जाईन ताईसंगं."

संतोष आला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कल्पना दाखल. मृणालच्या वर्गातली एक डॉक्टर तिथे आहे, तिने नीट बघितलं. पहिली बाटली चढली. कल्पना म्हणाली, मांडी घालून दिवसभर नुसतं बसायची सवय नाही, कंबर दुखते.

तिथून आरोग्य कार्यालय. कालही गेले होते. अधिकारी तरुण आहे, वाईट नाही, फक्त टाळतो. समोरच्या खुर्चीत बसले. तो फाइल बघतो, मी त्याच्याकडे. डबा तिथेच उघडला, त्यालाही पोळीभाजी देऊ केली.

"आपण रोज येणार आहात का?"

"मी निवृत्त आहे. आपण नाही. माझा वेळ जास्त आहे."

"पण नवऱ्याने तक्रार केलेली नाही. तुमचं नातं काय?"

"तपासत होते मी तिला. पाचव्या महिन्यापासून."

"हे नातं होत नाही."

"मग काय होतं?"

त्याने फाइल मिटली. म्हणाला, नवरा येऊन सांगेल तर हद्दीचं मी बघतो. एवढं तरी मिळालं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फुटपाथ, दुसरी खेप. आज बायका जास्त. पलीकडच्या साइटवरच्याही आल्या.

एक जोडपं सॅम्पल फ्लॅट बघायला आलं. आयटीतली मुलगी, पाचवा-सहावा महिना असेल. नवरा आत गेला, ही आमच्यापाशी थांबली. "इथे का चेक करताय? On the road?" म्हटलं, आत येऊ देत नाहीत. "Why?" मृणालने सांगितलं. सगळंच. टेम्पोसकट.

मुलगी ऐकत होती. मग स्टुलावर बसली आणि बाही वर केली. "माझंही बघा." तिच्या मागे एक बिहारची बाई उभी होती, तीही थांबली आपल्या पाळीसाठी. बी.पी. ठीक निघालं. उठून सरळ काचेच्या दारातून आत. काय बोलली ऐकू आलं नाही, पण टायवाल्या मुलाची मान खाली गेलेली दिसली. फ्लॅट न बघता गेले दोघं.

तासाभराने साइटचा व्यवस्थापक आला. फार गोड. "मॅडम, तुम्ही उन्हात का? मागच्या बाजूला शेड आहे, पंखा लावून देतो. फक्त इथून हला."

मृणालने माझ्याकडे बघितलं. शेड बरी होती, बायकांना सावली मिळाली असती. मी म्हटलं, "शेड द्या. पण दवाखान्याचा फलक फाटकावर लागेल, आणि अडलेल्या बाईला न्यायला साइटवर गाडी उभी राहील, माल वाहायचा टेम्पो नव्हे. हे लिहून द्या, आत्ता हलतो."

वर विचारून सांगतो म्हणाला.

"विचारा. आम्ही इथेच आहोत."

२४ नोव्हेंबर, सोमवार

संतोषकडून नंबर घेऊन गजाननला फोन केला. किती दिवस टाळत होते. माणसाच्या जखमेत बोट घालायचं म्हणजे...

बाळ रडत होतं मागे. वरचं दूध पचत नाही म्हणाला, आई सांभाळते. मी सांगितलं काय काय चाललंय ते. आईला म्हणाला, पोराले जरा बाहेर ने.

मग, "ताई, कागदावर काय लिवतीन? कशी मेली म्हणून?"

"तू सांगशील ते लिहायला लावू."

"मले सांगता येईन. मी तिच्याजोळच होतो."

येतो म्हणाला.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी कल्पनाला कळा. आज फुटपाथ मृणालवर सोडला आणि रुग्णालयात गेले. आत मला प्रवेश नाही. इतकी वर्षं अशाच दाराच्या आतल्या बाजूला काढली, बाहेरचं बाकडं किती टणक असतं ते आता कळतंय.

संतोष माझ्या शेजारी. दुपारी मुलगी झाली, सिस्टरने दाखवली. काळेभोर केस. संतोष हसला, आणि त्याच वेळी आत कोणीतरी धावलं. पावलांवरून मला कळतं. साधं धावणं वेगळं, हे वेगळं.

रक्त जात होतं.

संतोष उभा राहिला. "ताई, वहिनीलेबी असंच." त्याचा दंड धरला. म्हटलं, असंच झालं, पण इथे आत डॉक्टर आहेत आणि रक्ताची पिशवी आधीपासून तिच्या नावाने ठेवलेली आहे. कुठेही न्यायचं नाही तिला. बस. तो बसला नाही. मीही नाही.

इंजेक्शनं, पिशवी, दुसरी पिशवी. दार दोनदा उघडलं, कोणी आमच्याकडे बघितलं नाही. मला सगळं माहीत होतं, आत कुणाचे हात कुठे असतील, काय बोलत असतील. माहीत असण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

थांबलं. डॉक्टर बाहेर आली, मास्क खाली. "ठीक आहे. एचबी वाढवून आणलं होतं म्हणून. नाहीतर..." तिने हात हलवला.

संतोष भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याला रडू दिलं. मंगलसाठीही असणार ते. तिच्यासाठी रडायला वेळच दिला नव्हता कुणी.

मला रडू आलं नाही, संताप आला. इतकं सोपं होतं. हेच, एवढंच, मंगलला मिळालं असतं तर ती आज त्या मुलाला पाजत बसली असती.

१० डिसेंबर, बुधवार

समितीची बैठक झाली. अखेर. गजानन काल आला, आमच्याकडेच उतरला. ह्यांनी त्याला आपला इस्त्रीचा शर्ट दिला. बाह्या लांब झाल्या, दुमडल्या.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. खासगी दवाखान्याचे डॉक्टरही होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. समितीच्या अध्यक्षबाईंनी आधीच तयार केलेला मसुदा वाचून दाखवला. "रुग्णास योग्य ठिकाणी हलविण्यास कुटुंबीयांकडून विलंब झाला."

गजाननला शब्द कळले की नाही म्हणून मी सांगायला वाकले. त्याला कळले होते.

"विलंब म्हंजे उशीर नं?"

अध्यक्षबाई हो म्हणाल्या.

"मी तिले उचलून पळत होतो साहेब. ह्या दवाखान्यातून त्या दवाखान्यात. माह्या हाताखालून रक्त गळे. ज्याच्या हातात बायको हाय, तो उशीर कसा करन?"

दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, पेशंटचे नातेवाईक स्वतःच घेऊन गेले. मी विचारलं, आपण कुठे पाठवलंत? कुणाला फोन केलात? गाडी का दिली नाही? अध्यक्षबाईंनी मला थांबवलं, आपण समितीच्या सदस्य नाही. बरोबर आहे. मग तेच प्रश्न त्यांना स्वतः विचारावे लागले, कारण ते आता टेबलावर पडले होते. डॉक्टर केसपेपर चाळत राहिले.

मसुद्यावर गजाननची सही हवी होती. त्याने पेन खाली ठेवलं. "उशीर हा शब्द काढा. मग करतो."

काढला नाही. फेरतपासणीसाठी ठेवलं. पुढची तारीख कळवू म्हणाले. पण एक झालं : मृत्यूचं ठिकाण म्हणून वाघोली लिहिलं गेलं. माझ्यासमोर.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "जिंकलात?" गजानन म्हणाला, "नाही बाबा. पण हरलो बी नाही."

१४ डिसेंबर, रविवार

संस्थेचा ठराव आला. मला काढलं. शुद्धलेखन तेवढं निर्दोष.

कळलं की गाडीची सर्व्हिसिंग पूर्ण झाली आणि परवापासून ती साइटच्या आत जाते. नवीन सिस्टर, नवा फलक. मृणाल चिडली. मी नाही. बायका तपासल्या जातायत ना, जाऊ देत गाडी. दोनदा तपासल्या तर बिघडतं काय? आम्ही फुटपाथवर आहोतच. त्या गाडीत मंगलचं नाव काढता येत नाही, आमच्याकडे येतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

गजानन आज सकाळी आला. या आठवड्यात तो दुसऱ्या साइटवर फरशीचं काम करत होता, समितीची तारीख येईपर्यंत म्हणून. दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी चपला काढेना.

मुकादम भेटला होता त्याला. बरोबर व्यवस्थापक. त्यांनी विचारलंय : वॉचमनची कायमची नोकरी, राहायला पक्की खोली, आईला आणि बाळाला इथे आणता येईल. त्याने फक्त एवढं लिहून द्यायचं की मंगल तब्येतीने चांगली होती, बाळंतपण होऊन गावाला निघाली, आणि वाटेत, जिल्ह्याबाहेर वारली.

"खोली पाहिली?" ह्यांनी विचारलं.

"पाहिली. चांगली हाय. दवाखाना जोळ हाय, पोराले बरं पडन."

मग माझ्याकडे बघत, "काय करू ताई?"

इतके दिवस ज्याला त्याला तोंडावर उत्तर दिलं. अध्यक्षांना, अधिकाऱ्याला, टायवाल्या मुलाला. याला काय सांगू? नको घेऊस, म्हणायला माझं काय जातं? आईवेगळं पोर माझ्या पदरात नाही, त्याच्या आहे.

म्हटलं, "तुझ्या पोराचं तू बघ. तू सही केलीस तरी या घरात तुला कोणी बोल लावणार नाही. लावला तर मी बघून घेईन. पण मला विचारतील तेव्हा मी वाघोलीच सांगणार. ते आधीच सांगून ठेवते."

मान हलवली त्याने. "तुमी सांगाच," म्हणाला. चहा न घेता गेला. काय करणार ते बोलला नाही, मी विचारलं नाही.

दुपारी कार्यालयातून फोन : सोमवारी बैठक, नवऱ्याला हजर ठेवा.

त्याला हजर ठेवणं माझ्या हातात नाही. मी स्वतः हजर असेन. सदस्य नाही म्हणून बाहेर काढलं तर दाराशी उभी राहीन, आणि आत कागदावर मंगल गावाला जायला निघाली की बाहेरून ऐकू जाईल एवढ्या आवाजात नाही म्हणेन.